अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिनं औषधाच्या कारखान्यातला गोळ्यांचा सरकता पट्टा थांबवला. पट्ट्याच्या डाव्या अंगाला भुईछत्रीसारखं एक लाल बटण असतं. ते तळहातानं दाबायचं असतं, आणि मुख्य म्हणजे दाबायचं नसतं. कुणाची बाही अडकली, कुठं धूर निघाला तर गोष्ट वेगळी. एरवी ते तिथं असतं, देवघरातल्या शंखासारखं, कुणी वाजवत नाही म्हणून कुणी काढूनही टाकत नाही. एकोणीस वर्षांत तिनं त्याला हात लावला नव्हता आणि या महिन्यात ही तिसरी वेळ होती. पट्टा थांबला तशा पांढऱ्या टोप्यांतल्या सहा बायकांनी एकदम माना वर केल्या. गोळ्याही जागच्या जागी थांबल्या, वर्गात मास्तर आल्यासारख्या. "एक गेली," ती म्हणाली. "काय गेली?" "एक गोळी. कोपरा उडालेली. तीन मिनिटं झाली. मी बघितली आणि जाऊ दिली." मग पुढचं पिंप उघडलं गेलं, तिघं जण हातमोजे घालून बसले, आणि चाळीस हजार गोळ्या पुन्हा एकेक करून पाहिल्या गेल्या. दुपारचे साडेतीन वाजले. कोपरा उडालेली गोळी मिळाली नाही. मिळाली असती तर सूचनाफलकावर तिचं कौतुक लागलं असतं. मिळाली नाही म्हणून तिला डॉक्टरकडे पाठवलं.

पाठवणाऱ्या साहेबांना बायका आपसांत 'अर्धा टक्का' म्हणत. जगातल्या कुठल्याही शंभर गोष्टींतली अर्धी गोष्ट खराब असते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्याहून कमी सापडली तर बघणारा झोपलाय, जास्त सापडली तर बघणाऱ्याचं काहीतरी बिनसलंय. तिची खराब गोळ्यांची टक्केवारी उन्हाळ्यापासून चार, मग सात, मग अकरा झाली होती. "बाई," अर्धा टक्का अगदी मायेनं म्हणाले, "अकरा टक्के गोळ्या खराब असतील तर मला कारखाना बंद करावा लागेल. आणि तुम्ही खराब असाल तर फक्त तुम्हाला सुट्टी द्यावी लागेल. यातलं सोपं कुठलं, तुम्हीच सांगा." मग त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. चार आठवड्यांनी गुरुवारी, सकाळी दहाला, डोळ्यांची वार्षिक परीक्षा. पाचशे गोळ्या, त्यात मुद्दाम मिसळलेल्या पंचवीस खराब, वेळ वीस मिनिटं. पास झालात तर पट्ट्यावर परत, नाहीतर खालच्या खोलीत खोकी दुमडायला. तोवर लेबलं मोजा. खोकी दुमडायला डोळे लागत नाहीत. तिथल्या बायका गप्पा मारत खोकी दुमडतात, बघतसुद्धा नाहीत हाताकडे. ते तिला स्वप्नातही दिसे, आणि स्वप्नातही ती दुमडलेल्या खोक्यांची घडी तपासत असे.

तपासणीच्या टेबलावर खाली काळं असतं आणि वरून पांढरा उजेड पडतो. गोळ्या ओळीनं येतात, रुळांवर कुशी बदलतात, जातात. वीस मिनिटं बघायचं, मग दहा मिनिटं डोळ्यांना विसावा म्हणून समोरच्या हिरव्या भिंतीकडे बघायचं. शेजारी बसणाऱ्या 'गरुड'नं (ही तिची पट्ट्यावरची जोडीदारीण, नाव नजरेवरून पडलेलं, नाकावरून नव्हे असं ती स्वतःच सांगते) पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की गोळी बघायची नाही, फक्त वाट बघायची. चांगली गोळी दिसतच नाही, खराब आपोआप डोळ्यात खुपते. आणि खरंच तसं होतं. वर्षभरात तिला चांगल्या गोळ्या दिसायच्या बंद झाल्या. तडा, डाग, उडालेला कोपरा, चिरेत साठलेली पावडर, तेवढंच दिसे आणि हातातली हवा ओढणारी नळी आपोआप ते ओढून लाल डब्यात टाके. हे घरी कधी आलं ते कळलं नाही. आधी गॅसच्या बटणापाशी आलं, मग कुलपापाशी. मग नवऱ्याच्या घोरण्यात दोन घोरण्यांमधली जागा दिसू लागली. मुलगी दूर शहरात शिकायला गेली तेव्हा फोनवरच्या तिच्या 'हॅलो'मध्ये तडे दिसायला लागले. नवरा गाडी चालवायला शिकवतो, त्याच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक याच्या. "तुला काय होतंय माहितीये?" तो म्हणाला. "तू दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून जगतेस. गाडी माझी, चाक माझ्या हातात, आणि ब्रेक तू मारतेस." म्हणाला आणि स्वतःच्या उपमेवर खूश होऊन जेवला.

डॉक्टरांना सर्दी झाली होती. त्यांनी झोपेबद्दल विचारलं. "लागते," ती म्हणाली, "सगळं बघून झालं की." किती वेळा बघता, म्हणाले. तिनं खरा आकडा सांगितला. त्यांनी नाक पुसलं आणि कागदावर एक नाव लिहिलं, बस्पिरोन, आणि तिला आतून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. ही त्यांच्याच पट्ट्यावरची. पांढरी, लांबट, दोन्ही अंगांना चिरा, मोडून घेता यावी म्हणून. हिच्या चिरांत पावडर फार साठते. "ही झोपेची नाही," डॉक्टर सांगत होते. "गुंगी आणणारी नाही. हिची सवय लागत नाही. पण हिला घाई चालत नाही, दोन ते चार आठवडे घेते. भीती वाटली की टाकली तोंडात, असं नाही चालायचं. रोज, ठरल्या वेळी. एकतर रोज जेवून किंवा रोज जेवणाआधी, जे कराल ते रोज तेच. सुरुवातीला गरगरेल, मळमळेल, डोकं दुखेल. गाडी चालवू नका. दारू नको. ग्रेपफ्रूटचा रस नको." "ते काय असतं?" "मोठं मोसंबं. कडवट." "ते कोण पितं?" "कुणी नाही. पण सांगावं लागतं. दुसरी काही औषधं घेता?" नाही, म्हणाली ती. घरात कोण काय घेतं हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. "पहिला आठवडा अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. मग अख्खी अख्खी. आणि तपासावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबायचं." "आणि मग तपासायचं?" "मग तपासायचं नाही," डॉक्टर म्हणाले आणि शिंकले.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी तिनं पहिली गोळी अंगठ्यांमध्ये धरली आणि मोडली. कट् झालं. मधून मोडायची ती जरा तिरकी मोडली, एक कड ठिसूळ निघाली, दोन कण ओट्यावर पडले. आणि तिचा हात, तिला न विचारता, दोन्ही तुकडे घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे गेला. दुसरी मोडली. तीही गेली. एकोणीस वर्षं मोडकी गोळी म्हणजे लाल डबा. ती माणसानं खायची असते हे बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई समोर चहा पीत होत्या. "काय गं, लग्नात अक्षता टाकतेस का?" "मोडक्या आहेत, आई." "तूच मोडल्यास ना?" "हो." "पोटात गेल्यावर काय अख्खी राहणार आहे ती?" तिला तिसरी मोडवेना. तिनं मनाशी हिशेब केला: दोन अर्ध्या म्हणजे एक. एक अख्खी सकाळी गिळली की दिवस सुटला. असं तिनं पाच दिवस केलं. रोज सकाळी मोडायचा प्रयत्न करायची, टाकायची, अख्खी गिळायची, आणि दहाच्या सुमाराला लेबलांच्या खोलीत जमीन हलक्या हातानं तिरकी व्हायची, बशी पुसताना वळवावी तशी. सहाव्या दिवशी तिनं डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही गोळी घेताय की पास करताय?" मग दटावून म्हणाले, दोन वेळांची एकदम घ्यायची नाही, अर्धी जमत नसेल तर तेव्हाच विचारायचं, आता गरगरणं थांबलं की अख्खी दोन वेळा, मोडायचा प्रश्नच मिटला.

टाकलेल्या तुकड्यांचं काय झालं ते तिनं पाहिलं नाही. टाकलेल्या गोळीकडे बघायचं नसतं, पुढची निसटते. ते तुकडे सासूबाईंनी वरच्यावर काढून, पुसून, बटणांच्या रिकाम्या डबीत ठेवले होते हे नंतर कळलं. सासूबाई अकरा वर्षं एक दुसरीच गोळी घेत होत्या, इवलीशी, फिकट निळी, रोज दोन वेळा. ती शामक गोळ्यांच्या जुन्या घराण्यातली. घेतली की बारा मिनिटांत लागायची, सासूबाई घड्याळ लावून सांगत. सासरे गेले तेव्हापासूनची. ते न्हाणीघरात पडले, सासूबाई शेजारच्या खोलीत बटणं लावत होत्या. आवाज आला तो त्यांना बादलीचा वाटला. अर्ध्या तासानं उठल्या. त्या अर्ध्या तासाबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. डॉक्टरांनी महिन्याभरासाठी म्हणून गोळी दिली, महिना अकरा वर्षं चालला. मुलगा मधूनमधून म्हणे, "आई, तुला सवय लागलीय त्या गोळीची," ज्या सुरात एखाद्याला पत्त्यांची सवय लागलीय म्हणतात त्या सुरात. सासूबाई म्हणत, "हो ना, आणि तुला लागलीय बोलायची." पण त्यांना ते लागे. आता त्या रोज सुनेला विचारू लागल्या, "लागली का गं?" "नाही अजून." "अजून नाही? माझी तर बारा मिनिटांत लागते. तुझी खोटी आहे." "हिला वेळ लागतो, आई." "मग तोवर माझी घे एक." "नको, आई. दुसऱ्याची घेऊ नये." एक दिवस सासूबाईंनी सुनेच्या गोळ्यांच्या डब्यातला घडीचा कागद उलगडला, भिंग लावून टेबलावर पसरला, आणि बोट ठेवत ठेवत मोठ्यानं वाचलं: सवय लागत नाही. "छापलंय," त्या म्हणाल्या. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. त्याखाली तितक्याच बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जुन्या प्रकारची शामक गोळी चालू असेल तर ती एकदम बंद करू नये, ही गोळी तिची जागा घेत नाही, घात होऊ शकतो. तिथं कागदाची घडी होती, बोट तिच्यापाशीच थांबलं. सासूबाईंनी कागद परत तसाच घडी घालून ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात काय झालं ते सांगणं अवघड आहे, कारण काही झालं नाही. कारखान्याच्या बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुलूप ओढून बघायला मागं गेलो नाही. बस्स. तिनं वाट बघितली, की आता पोटात ती ओळखीची मूठ वळेल. मूठ वळली नाही. ते बरं वाटलं असं म्हणता येणार नाही, कारण बरं वाटण्याच्या जागीही काही नव्हतं. अंगाखाली दबलेला हात सकाळी दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, आपण तो उचलून बाजूला ठेवतो, तसं ती स्वतःला उचलून बसमध्ये ठेवी, उचलून लेबलांपाशी ठेवी. मुलीचा फोन आला, ताप आहे म्हणाली. पूर्वी या वाक्यावर तिनं तासात चार फोन केले असते. "औषध घे, पाणी पी," ती म्हणाली, आणि फोन ठेवून जेवली. दहा मिनिटांनी मुलीचाच फोन आला. "आई, तू बरी आहेस ना?" "हो." "मग ओरडली का नाहीस?" तिनं डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे सगळं गोळीचं नाही, गोळी तर आत्ता कुठं लागायला लागलीय, इतकी वर्षं जागता पहारा केलात, पहारेकरी बसला तर थोडा वेळ त्याला पाय आहेत हेसुद्धा कळत नाही. थांबा. ती थांबली. थांबायला आता काही लागत नव्हतं. हिरव्या भिंतीकडे बघत असल्यासारखं दिवसभर सगळीकडे हिरवी भिंत होती, आणि ती कंटाळवाणी होती, आणि कंटाळासुद्धा दुरून ऐकू येणाऱ्या रेडिओसारखा दुसऱ्याच्या घरात लागलेला होता.

म्हणून सोमवारी दुपारी सासूबाईंच्या हातातला कप बशीवर किणकिणला तेव्हा तिला ते दिसलं, आणि काही वाटलं नाही. बारीक, भराभर किणकिण, काचेच्या कपाटाशेजारून ट्रक गेल्यासारखी. रस्त्यावर ट्रक नव्हता. तिनं नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबून बघितलं, म्हणजे बघितलं नाही. मंगळवारी चमचा पडला तशा सासूबाई दचकून उभ्याच राहिल्या, आणि मग, "पाडायचा तर सांगून पाडत जा गं," म्हणाल्या. खिडकीचा पडदा ओढून घेतला, ऊन डोळ्याला बोचतंय म्हणून. मानेमागं कपडा घामानं ओला होता आणि पंखा चालू होता. रंगात फरक, कड ठिसूळ, डाग, असं तिच्या आत कुणीतरी पूर्वीसारखं पुटपुटलं, सवयीनं, पगार बंद झाला तरी कामावर येणाऱ्या माणसासारखं. तिनं त्याला घरी पाठवलं. हे ते नव्हे. हा माझा आजार आहे, आणि आजाराचं ऐकायचं नसतं, हे तिनं सर्दी झालेल्या माणसाकडून शिकून घेतलं होतं. तरीही रात्रीच्या जेवणाला तिनं नवऱ्याला म्हटलं, "आईंचा हात थरथरतोय." नवऱ्यानं घास थांबवला, आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "आता आईलाही पट्ट्यावर घातलंस का?" सासूबाई फस्सकन हसल्या. "टाकतेय मला लाल डब्यात," म्हणाल्या. "वय झालं की हात थरथरतो, त्याला काय! तुझा बाप तर पन्नाशीपासूनच थरथरत होता, मला बघून." तिघंही हसली. ती हसली तेव्हा ओठ ताणल्याचं तिला कळलं, बाकी नाही. सासूबाईंनी भाजीला हात लावला नव्हता. तेही तिला दिसलं. तिनं ते पास केलं.

बुधवारी लेबलांच्या खोलीत गरुड दोन मिनिटं डोकावून गेली. "उद्या ना परीक्षा? डोळ्यांत थेंब घाल, रात्री टीव्ही नको. आणि हे बघ, पंचवीसच्या वर एकही काढू नकोस. जास्त काढलीस तर अर्धा टक्का म्हणेल अजून बरी नाही." "आणि सव्विसावी खरंच खराब असली तर?" गरुडनं तिच्याकडे एका डोळ्यानं बघितलं, जशी ती गोळीकडे बघते. "परीक्षेत सव्विसावी नसते गं बाई. तेवढं तरी सुख आहे परीक्षेत." गरुड गेल्यावर तिनं लेबलं मोजली. पंचवीस काढायच्या आणि थांबायचं. थांबणं जमत होतं आता. पूर्वी ती या परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवत नसे. आज जेवली, आणि उद्या आपण पास होणार हे तिला हवामानखात्याच्या बातमीसारखं समजलं. भीती असताना तीच बघायची, असं तिला वाटे. भीतीचे डोळे घेऊन आपण एकोणीस वर्षं पगार घेतला. आता ती नाही तर उद्या बघणार कोण, हा प्रश्न पडायला हवा होता. तो पडला, आणि पडून राहिला.

गुरुवारी नवरा सातलाच पहिल्या शिकाऊ माणसाला घेऊन गेला. बस सव्वानऊला. नऊ वाजता ती चपला घालत होती तेव्हा आतून सासूबाई म्हणाल्या, "ही भिंत हलतेय का गं?" चौकशीच्या सुरात म्हणाल्या, दूधवाला आला का विचारावं तसं. ती दारातच थांबली. एका पायात चप्पल होती. तिनं दहा मिनिटं थांबायचं ठरवलं आणि तिच्या लक्षात आलं की दहा मिनिटांनी बस जवळजवळ आलेली असेल, म्हणजे दहा मिनिटं थांबणं म्हणजे जाणंच. पोटात मूठ नव्हती. छातीत काही नव्हतं. आत तिला ओरडून सांगणारं कुणीही नव्हतं. म्हणजे हे मी नाही, तिनं स्वतःला अगदी कोरडेपणानं सांगितलं. माझा आजार असता तर मी घाबरले असते. आणि मग उरलं काय, तर दारातून दिसणारी एक म्हातारी बाई, पलंगाच्या कडेवर बसलेली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले, ते थरथरताना दिसू नयेत म्हणून. तिनं चप्पल काढली. आत जाऊन सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसली. "हात काढा, आई." "कशाला?" "काढा." हात बाहेर आले. ती आधी डावा बघायला लागली, मग उजवा, मग चेहरा, कपाळापासून खाली ओळीनं, घाई न करता. बुबुळं मोठी. ओठांवर घाम. पापणी उडतेय. तीन रात्री झोप नाही. हे सगळं सोमवारपासून होतं आणि सगळं तिनं पाहिलेलं होतं. मग तिनं उशाचा खण उघडला. फिकट निळ्या गोळ्यांची पट्टी गेल्या शुक्रवारी आणलेली. त्यात आज एकही नसायला हवी होती. दहाच्या दहा होत्या. शेजारी बटणांची डबी. डबीत पांढरा चुरा आणि एकच तुकडा, चिरेवर तिरका मोडलेला.

"केव्हापासून, आई?" सासूबाईंनी पदर हातांभोवती गुंडाळला. "आई." "शनिवारपासून. तुझी घेतेय, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. हिची सवय लागत नाही. छापलंय." "आणि तुमची?" "सोडली. दाखवणार होते लेकाला, महिनाभर झाला की." बोलता बोलता दात वाजले आणि त्या थांबल्या, जणू दुसरंच कुणीतरी मध्ये बोललं. तिनं घडीचा कागद काढला, पसरला, आणि घडीखालची ओळ वाचली. मग तिनं डॉक्टरांना फोन केला. त्यांनी या वेळी विनोद केला नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणाले, मी कळवतो, एकटं सोडू नका, चालवत नेऊ नका, आकडीचा झटका येऊ शकतो. नवऱ्याला फोन लावला. "येतो," तो म्हणाला, आणि तिला ऐकू आलं, की त्यानं फोन तसाच धरून कुणाला तरी सांगितलं, "उतरा तुम्ही. इथंच. उतरा हो, गाडी मला चालवू द्या." मग तिनं अर्धा टक्का यांना फोन केला. "येत नाही आज." "बाई, ही परीक्षा वर्षातून एकदाच होते. पुढं ढकलता येत नाही." "मग ढकलू नका." "खोकी दुमडायला जावं लागेल तुम्हाला." "हो," ती म्हणाली. "पुन्हा कुठली तरी निसटली वाटतं?" ते म्हणाले, तितक्याच मायेनं. तिनं फोन ठेवला.

दवाखान्यात त्यांनी सासूबाईंना जुनी गोळी दिली, हाताला सुई लावली, आणि एका तरुण डॉक्टरणीनं तिला कोपऱ्यात घेऊन समजावलं. अकरा वर्षांची गोळी एका दिवसात सोडायची नसते, शरीर तिच्यावर टेकून उभं असतं. सोडता येईल, पण हळूहळू, थेंबाथेंबानं, कित्येक महिने लागतील, आणि तुम्ही घेता ती गोळी चांगली असली तरी ही पोकळी ती भरत नाही. आज संध्याकाळपर्यंत थांबला असता तर, म्हणाली, आणि वाक्य तिनं तिथंच ठेवलं. "तुम्ही ओळखलंत कशावरून?" "दिसलं." "घाबरला असाल." "नाही," ती म्हणाली. डॉक्टरणीनं कागदावर काहीतरी लिहिलं. ते चांगलं होतं की खराब ते तिला वाचता आलं नाही, आणि वाचावंसं वाटलंही नाही. नवरा दारात उभा होता. त्याचा उजवा पाय फरशीवर हलकेच दाबला जात होता, पुन्हा पुन्हा, त्याच्या नकळत. "मी तिला रोज म्हणायचो," तो म्हणाला. "सवय लागलीय, सवय लागलीय." तिनं त्याच्या दंडाला हात लावला. त्या हाताला दंड गरम लागला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी गरम लागलं, तेही फार नाही, चहा राहून गेल्यावर कप असतो तेवढं.

दुपारी नवरा औषधं आणायला खाली गेला. डॉक्टरणीनं सांगितलं होतं, बसा जवळ, नजर ठेवा, हातपाय ताठ झाले किंवा बोलणं असंबद्ध वाटलं तर हाक मारा. ती खुर्ची ओढून बसली. सासूबाईंचे हात चादरीवर होते, थरथर पुष्कळ उतरली होती, आता ती नुसती पाण्यावरची सुरकुती होती. त्यांनी डोळे उघडले. "तुझी परीक्षा होती ना आज?" "होती." "माझ्यामुळे बुडाली." "हो." "नाही तरी म्हण की, बरं दिसतं." "बुडाली ती बुडाली, आई." सासूबाई छताकडे बघत राहिल्या. "का केलंत असं?" तिनं विचारलं. "त्याला दाखवायचं होतं हे खरं. पण तेवढंच नाही." त्यांनी चादरीची कड बोटांनी सरळ केली. "तू गेल्या आठवड्यात फोनवर पोरीला औषध घे म्हणालीस आणि जेवायला बसलीस. मी बघत होते. कशी जेवत होतीस तू! मला हेवा वाटला गं. अकरा वर्षं गोळी घेतेय, झोप येते, हात हलत नाही, सगळं होतं. पण मला ती बादली अजून ऐकू येते. मला वाटलं, हिच्या गोळीनं ऐकू यायचं बंद होतं."

तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. बादलीचाच आवाज वाटला असता कुणालाही, असं म्हणता आलं असतं. ते अकरा वर्षं कुणी म्हटलं नव्हतं म्हणून ते आता फार मोठं वाक्य झालं होतं. "माझ्या गोळीनं तसं होत नाही, आई," ती म्हणाली. "ऐकू येतंच." "मग काय होतं?" तिनं विचार केला. "मला अजून नीट माहीत नाही."

सासूबाईंनी मान वळवली. सून त्यांच्याकडे बघत होती, कपाळापासून खाली, ओळीनं, घाई न करता. "काय बघतेस?" "तुम्हाला." "काही खराब दिसतंय का?" "नाही." "मग कशाला बघतेस? भीती वाटते?" "नाही," ती म्हणाली, आणि खुर्ची थोडी आणखी जवळ ओढली. "नुसतीच बघतेय."